रोज दीडशे किलोमीटर, शंभर सीसीची गाडी आणि दुखणारं बूड: सीट कशी निवडावी

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. बियाण्यांच्या कामासाठी तुम्ही यवतमाळहून घाटंजी, पांढरकवडा, झरी-जामणी असे रोज 120 ते 150 किलोमीटर फिरता. गाडी शंभर सीसीची, सहा वर्षं जुनी. तासा-दीड तासात बूड दुखायला लागतं, संध्याकाळपर्यंत कंबरही भरून येते. डिसेंबरात वहिनींना मागे बसवून पंढरपूरला जायचं आहे. त्याआधी जेलची गादी घ्यावी, हवेची घ्यावी, की कंपनीची नवी सीट टाकावी, असं तुम्ही विचारलं आहे.

मी तालुक्याच्या गावी गाड्यांच्या सीटा बनवतो. फोम कापणं, आकार देणं, कव्हर शिवणं, सगळं हातानं. ग्रामसेवक, दूधवाले, बचत गटाची वसुली करणारी पोरं, विम्याचे एजंट, म्हणजे ज्यांचा अर्धा दिवस गाडीवरच जातो तेच माझं गिऱ्हाईक. बहुतेक जण तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन येतात: “यातलं कोणतं चांगलं?” मी त्यांना आधी उलट विचारतो, दुखतं नेमकं कुठे आणि किती वेळानं? याचं उत्तर मिळाल्याशिवाय गादी घेतली तर पैसे जातात आणि दुखणं तिथंच राहतं.

आपण बसतो तेव्हा शरीराचा बराचसा भार बुडाखालच्या दोन हाडांवर येतो. त्यांच्यावरचं मांस हाड आणि सीट यांच्यात दाबलं जातं, तिथला रक्तपुरवठा कमी होतो, आधी जळजळ होते आणि मग ठणका लागतो. हा भार जितक्या रुंद जागेवर पसरेल तितका जास्त वेळ माणूस बसू शकतो. सीटचं खरं काम एवढंच. आता मऊ सीटवर काय होतं पाहा. ओल्या काळ्या मातीत पाय रुततो तशी ती दोन हाडं फोममध्ये रुतत जातात आणि शेवटी खालच्या प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या तळाला टेकतात. दुकानात पाच मिनिटं बसून पाहिलं तर अशी सीट फार छान वाटते. घाटंजीच्या पुढे गेल्यावर ती काय आहे ते कळतं. म्हणून मऊपणावर सीट निवडू नका. जरा टणक, रुंद आणि सपाट सीट पहिल्या दहा मिनिटांत परकी वाटते, पण तिसऱ्या तासाला तीच साथ देते.

आता तुमचं दुखणं ओळखू. बुडाखाली बरोबर दोन ठिकाणी, ती सुद्धा तासाभरानं दुखत असतील, तर फोम बसलेला आहे किंवा मुळातच कमी पडतो आहे. बसल्यापासून वीसएक मिनिटांतच टोचायला लागत असेल, तर दोष सीटच्या आकारात असतो: कड लागते, शिलाई लागते किंवा जागा अरुंद आहे. पुढच्या बाजूला, जांघेत मुंग्या येत असतील, बधिर वाटत असेल, तर सीट टाकीकडे उतरती आहे आणि ब्रेक मारला की तुम्ही पुढे घसरता. हे बधिर होणं अंगावर काढू नका. उतार लगेच दुरुस्त करून घ्या आणि तरीही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. माकडहाड दुखत असेल तर तुम्ही पाठीचा बाक काढून बसता किंवा मागचे शॉकअप गेलेले आहेत. आणि दुखण्यापेक्षा आग होत असेल, कातडी सोलवटत असेल, तर तो घामाचा आणि कपड्यांचा प्रश्न आहे, फोम बदलून तो सुटणार नाही.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मला वाटतं, तुमचा फोम बसला आहे आणि शॉकअपही थकले आहेत. कंबर भरून येते म्हणालात, त्यावरून शॉकअपची शंका जास्त येते. आपल्याकडचे रस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे चांगला डांबरी रस्ताही दोन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. पांढरकवड्याच्या हायवेला लागेपर्यंत दणके आणि पांदण रस्त्याला उतरलं की त्याहून मोठे दणके. हे दणके शॉकअपनं गिळले नाहीत तर जगातली कोणतीही सीट ते गिळू शकत नाही. म्हणून सीटला हात लावण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या. शॉकअपमधून तेल गळतं का आणि मागून गाडी दाबून सोडल्यावर ती दोन-तीनदा उसळते का? उसळत असेल तर शॉकअप आधी. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना मागच्या स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायच्या खाचा असतात. एकटे असताना त्या सगळ्यांत कडक खाचेवर असतील तर विनाकारण मार बसतो, आणि दोघं असताना सैल खाचेवर असतील तर शॉकअप तळाला लागतात. टायरमधली हवा चेनकव्हरवरच्या किंवा पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे ठेवा. पंक्चरवाल्यानं अंदाजानं दगडासारखी कडक भरून दिली तर तोही मार थेट तुमच्या माकडहाडाला पोचतो. तिसरी गोष्ट कुणी पाहत नाही. सीट उचलून तिच्या तळाला लागलेले रबराचे बुश पाहा. जुन्या गाडीचे एक-दोन तरी पडून गेलेले असतात. मग सीट चौकटीवर थेट टेकते आणि इंजिनचं सगळं थरथरणं वर येतं. चार बुशांना फारसे पैसे लागत नाहीत.

हे झाल्यावर फोम तपासा. सीटवर एक गुडघा टेकून अंगाचा भार द्या. गुडघ्याला खालचा तळ टणक लागला तर फोम संपला. दुसरी खूण म्हणजे गुडघा काढल्यावर खड्डा भरून यायला वेळ लागतो. सहा वर्षांच्या गाडीत हे व्हायचंच, कारण ऊन, घाम आणि पावसाचं पाणी फोमला सावकाश खातात.

मग कंपनीची नवी सीट घ्यावी का? तुमचं वजन साठ-पासष्ट किलो असेल, उंची मध्यम असेल आणि गाडी नवी असताना काही त्रास नव्हता, तर हो, मूळ सीट टाका आणि मोकळे व्हा. कंपनीचा साच्यात ओतलेला फोम आमच्याकडच्या कापीव फोमपेक्षा दमदार असतो, हे सीटवाला असूनही सांगतो. पण नवी असतानाही त्रास होत असेल, तुमचं वजन जास्त असेल किंवा उंची जास्त असेल, तर तीच सीट पुन्हा घेऊन तेच दुखणं पुन्हा येईल.

उंचीचा संबंध कसा, ते सांगतो. फुटरेस्ट आणि सीट यांतलं अंतर ठरलेलं असतं. उंच माणसाचे गुडघे वर येतात, मांड्या सीटवरून उचलल्या जातात आणि मांड्यांनी घ्यायचा भारही त्या दोन हाडांवर येतो. अशा माणसाची सीट इंचभर उंच केली तर मांड्या टेकतात, गुडघेही मोकळे होतात आणि निम्मं दुखणं तिथंच जातं. बुटक्या माणसाला हा इंच देता येत नाही, कारण चिखलात किंवा रपट्यावर पाय टेकले नाहीत तर गाडी आडवी होईल. स्प्लेंडरसारख्या गाडीची सीट जमिनीपासून 785 मिलीमीटर असते. त्यावर तुमचे दोन्ही तळपाय पूर्ण टेकत असतील तर इंचभर वाढवायला हरकत नाही. चवडेच टेकत असतील तर उंची तीच ठेवून फक्त फोम बदलावा.

रुंदी मोजायचा एक सोपा उपाय आहे. लाकडी बाकावर किंवा पायरीवर जाड खोक्याचा पुठ्ठा ठेवा, पातळ पायजमा घालून त्यावर बसा, पाय थोडे उचला आणि मिनिटभरानं उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. पुरुषांमध्ये ते साधारण 10 ते 13 सेंटीमीटर भरतं, बायकांमध्ये थोडं जास्त. तुमच्या सीटची बसायची जागा या दोन खळग्यांच्या बाहेरही दोन्हीकडे तीन-चार बोटं सपाट असली पाहिजे. अनेक सीटा वरून रुंद दिसतात, पण कडेला गोलाई दिलेली असते, त्यामुळे हाडं उतारावर बसतात. हा पुठ्ठा सीटवाल्याकडे घेऊन जा. चांगला कारागीर तो पाहून लगेच समजतो.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येतो. जेलबद्दल लोकांचा फार गोड गैरसमज आहे. जेल भार पसरवतं हे खरं, पण ते तापतं आणि तापलं की लवकर थंड होत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. पंचायत समितीसमोर तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीवरची जेलची गादी म्हणजे चटकाच. मेमरी फोमचं, म्हणजे दाबल्यावर सावकाश वर येणाऱ्या फोमचंही तसंच आहे. तो उष्णतेनं मऊ पडतो, म्हणजे नेमका उन्हाळ्यात आधार सोडतो. जेल वापरायचंच असेल तर ते फोमच्या आत बसवून वरून किमान बोटभर फोमचा थर द्यावा. सगळ्यात खाली, तळाला चिकटवून दिलेलं जेल काहीच काम करत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी तेच करून देतात.

हवेची गादी चांगली चालते, पण तिची अट लोक पाळत नाहीत. ती फुग्यासारखी टम्म भरायची नसते. तुम्ही बसल्यावर हाडं आणि सीट यांच्यामध्ये बोट-दीड बोट हवा राहिली की पुरे. जास्त भरली तर वळणावर बूड डुलतं आणि गाडीवरचा ताबा सैल वाटतो. सकाळी नीट भरलेली गादी दुपारी ऊन तापल्यावर कडक होते, तेव्हा थोडी हवा सोडावी लागते. शिवाय तुमचं काम शेतशिवाराचं. बाभळीचा काटा पॅन्टला अडकून आला की गादीचं काम तमाम. हायवेवरच्या लांब प्रवासासाठी ती घ्या, रोजच्या पांदणीसाठी नको.

कापसाचा भाग असल्यामुळे काही जण घरचा कापूस पिंजून आणतात आणि सीटमध्ये भरून द्या म्हणतात. त्यांचं मन मोडवत नाही, पण मी भरत नाही. कापूस दोन महिन्यांत दबून गोळे होतो, घाम आणि पाणी धरून ठेवतो आणि मग कुबट वास सुटतो.

तुमच्या जागी मी असतो तर आहे त्याच सीटवर नवा फोम बसवून घेतला असता. एका बऱ्या जेल गादीच्या पैशांत तालुक्याच्या गावी हे काम होतं. त्यात काय मागायचं ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं “चांगलं करून द्या” म्हटलं की समोरचा सोफ्याचा मऊ फोम टाकून देतो आणि तुम्ही खूश होऊन घरी जाता.

मूळ फोम फेकू देऊ नका. त्याचा बसलेला मधला भाग तेवढा कापून काढावा आणि तिथं बॉन्डेड फोम घालावा. फोमच्या चुऱ्यापासून दाबून बनवलेला, रंगीबेरंगी ठिपक्यांचा, टणक फोम असतो तो हाच. त्याची घनता घनमीटरला 80 ते 100 किलोच्या घरात असते, सोफ्याच्या साध्या फोमची 32 किंवा 40. त्यावर इंचभर 40 घनतेचा थर आणि सगळ्यात वर अगदी पातळ मऊ थर, कड कळू नये म्हणून. खाली टणक, वर थोडं नरम, ही उतरंड महत्त्वाची. तुम्ही बसल्यावर फोम त्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश दबावा, मी याच अंदाजानं काम करतो. अर्ध्याहून जास्त दबला तर दोन महिन्यांनी तळ लागणार. वजनाप्रमाणे हे बदलतं: साठ किलोच्या पोराला नव्वद किलोच्या माणसाचा फोम दिला तर त्याला पाटावर बसल्यासारखं होईल. म्हणून सीटवाल्याला वजन खरं सांगा.

उताराकडे नीट लक्ष द्या, माझ्या मते अर्धं काम तिथं आहे. गाडी मधल्या स्टँडवर न लावता, चाकांवर उभी करून कुणाला तरी धरायला सांगा आणि तुम्ही त्यावर बसा. सीट टाकीकडे उतरत असेल तर पुढच्या बाजूला आतून पाचर देऊन ती जवळपास सपाट करून घ्या. मग तुम्ही पुढे घसरणार नाही, मनगटांवरचा भार कमी होईल आणि जांघेचा दाब जाईल. मात्र टाकीजवळची रुंदी वाढवू देऊ नका, नाहीतर मांड्या फाकतात आणि पाय जमिनीला पुरत नाहीत. बुडासाठी खोल खळगाही करून घेऊ नका. दिसायला तो राजेशाही असतो, पण त्यात माणूस एकाच जागी अडकतो. लांब प्रवासात दोन बोटं पुढे, दोन बोटं मागे सरकत राहणं यासारखं दुसरं औषध नाही, आणि त्याला सपाट जागा लागते.

आता कव्हरबद्दल. बसायच्या जागेवर शिलाई किंवा पाइपिंग (शिलाईवरची गोल पट्टी) नको, ती कडेला घ्यावी. टोचतंही तिथूनच आणि पावसाचं पाणीही तिथूनच शिरतं. कव्हराखाली पातळ प्लास्टिकचा कागद टाकायला सांगा, पण तळाची भोकं बुजवू नका, कारण शिरलेलं पाणी निघायला वाट हवी. काळं रेग्झीन उन्हात फार तापतं, करड्या किंवा फिक्या तपकिरी रंगाचं घ्या. आणि फोम बसवल्यावर कव्हर लगेच कायमचं पक्कं करू नका. तात्पुरत्या पिना मारून आठवडाभर गाडी चालवा, मग सांगा कुठे कमी, कुठे जास्त. जो सीटवाला याला तयार होतो त्याच्याकडेच काम द्या.

उन्हाळ्यासाठी वरून जाड जाळीचं कव्हर घ्या. त्यातून हवा खेळते आणि घाम वाळतो. पावसाळ्यात ते काढून ठेवावं, नाहीतर दिवसभर ओलं बसणं होतं. टॅक्सीवाल्यांची लाकडी मण्यांची कव्हरं गाडीवर सरकतात, दुचाकीला ती लावू नयेत. धनगरी घोंगडीचा तुकडा दुहेरी घडी करून घट्ट बांधला तर तो मात्र उत्तम. लोकर घाम ओढून घेते आणि अंगाला ओलं लागू देत नाही.

कपड्यांचं बोलायला लोक लाजतात, म्हणून मीच बोलतो. जीन्सची जाड शिलाई नेमकी बुडाखाली येते. रोजच्या फिरतीला सुती, जरा सैल पॅन्ट बरी. आतले कपडे रोज धुतलेले आणि कोरडेच हवेत. जांघेत खाज आणि गोल चट्टे आले तर ते बहुतेकदा गजकर्ण असतं. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका. त्यानं आठ दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. तसंच माकडहाडाजवळ गाठ येऊन पू होत असेल तर शल्यचिकित्सकाला दाखवा. दुसऱ्या महायुद्धात जीपमधून दणके खात फिरणाऱ्या अमेरिकन सैनिकांमध्ये हा आजार इतका दिसला की त्याला जीपचा आजार म्हणू लागले होते. सीट कितीही बदलली तरी तो आपोआप जात नाही.

राहिला पंढरपूरचा प्रश्न. वहिनी एका बाजूला पाय सोडून बसणार असतील तर आधी त्यांच्याशी बोला. पाचशे किलोमीटरच्या आगेमागे अंतर आहे. तेवढं अंतर एका अंगावर बसून कापताना मांडीच्या खालच्या बाजूला सीटची कड रुतते, कंबर पिळवटते आणि गाडीचा तोलही एकीकडे जातो. पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणं त्यांच्यासाठी सोयीचं आणि सुरक्षित. ओढणी मात्र पोटाशी गाठ मारून आत खोचलेली असावी, चाकात किंवा चेनमध्ये जायला तिला क्षणही लागत नाही. सीट करून घेताना मागचा भाग तुमच्या भागापेक्षा फार उंच करू नका आणि त्याला मागे किंवा पुढे उतार नको. पुढे उतार असला तर प्रत्येक ब्रेकला त्या तुमच्यावर येतील आणि तुम्ही टाकीवर जाल. मागच्या फोमला बॉन्डेडचा थर हवाच. सगळे लोक पुढचीच सीट करून घेतात आणि मागे बसणारी बाई सहा वर्षं जुन्या फोमवर दिवस काढते, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

काम दिवाळीच्या आगेमागे करून घ्या, निघायच्या आदल्या दिवशी नको. नवा फोम अंगाला बसायला पंधरा-वीस दिवसांची रोजची फिरती लागते, आणि काही खुपत असेल तर ते याच काळात कळतं. एखाद्या रविवारी दोघं मिळून पुसदपर्यंत जाऊन या, म्हणजे वहिनींनाही काय हवं ते सांगता येईल. प्रवासात एका दिवसात अंतर संपवायचा हट्ट नको, नांदेडला किंवा लातूरला मुक्काम करा. तासाभरानं पाच मिनिटं थांबून चालायचं, दुखत नसलं तरी थांबायचं, कारण दुखायला लागल्यावर थांबलं तर त्या दिवशी ते पूर्ण जात नाही. खराब पट्टा आला की तुम्ही फुटरेस्टवर भार देऊन बूड जरा उचला आणि वहिनींना आधी आवाज द्या, त्यांना खड्डा दिसत नसतो.

तुमची उंची, वजन आणि सीटचा बाजूनं काढलेला फोटो टाका. पुठ्ठ्यावरचं मापही लिहा. पाचर किती जाड लागेल आणि उंची वाढवता येईल का, ते पाहून सांगतो. तोवर शॉकअप आणि रबराचे बुश उद्याच पाहून घ्या.